पीटर ब्लेकर

पीटर ब्लेकर (१० जुलै, १८१९:झानडाम, नेदरलँड्स - २४ जानेवारी, १८७८:द हेग, नेदरलँड्स) हे डच वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ होते. तत्कालीन डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, लष्करी शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी सुमारे अठरा वर्षे सेवा केली. या काळात त्यांनी तेथील सागरी व गोड्या पाण्यातील माशांचा सुमारे १२,००० नमुन्यांचा संग्रह जमविला. मत्स्यशास्त्रावर त्यांनी पाचशेहून अधिक लेख लिहिले. त्यांत त्यांनी ५११ नव्या प्रजाती आणि १,९२५ नव्या जाती वर्णिल्या, अशी गणना केली जाते. एका व्यक्तीने वर्णिलेल्या माशांच्या जातींचा हा आकडा मत्स्यशास्त्राच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी एक आहे. उष्ण कटिबंधातील प्रवाळ भित्तींवर आढळणाऱ्या अनेक रंगीबेरंगी माशांची आजची शास्त्रीय नावे ब्लेकर यांनी दिलेली आहेत.

बालपण आणि शिक्षण

ब्लेकर यांचा जन्म आम्स्टरडॅमजवळील झानडाम या गावी झाला. पवनचक्क्या आणि जहाजबांधणी यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. घरची परिस्थिती सामान्य असल्याने त्यांना विद्यापीठीय शिक्षण घेता आले नाही. लहान वयातच ते एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. औषधे तयार करण्याच्या कामातून त्यांना रसायने, वनस्पती आणि प्राण्यांची शरीररचना यांची गोडी लागली. पुढे हार्लेम येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८४० साली शल्यचिकित्सकाची परीक्षा उत्तीर्ण केली. त्यानंतर काही काळ त्यांनी पॅरिसमध्ये अभ्यास केला.

त्यांचा ओढा वैद्यकापेक्षा प्राणिशास्त्राकडे अधिक होता. लायडन येथे १८२० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयात जागा मिळावी अशी त्यांची इच्छा होती, पण ती फळाला आली नाही. विद्यापीठाची पदवी नसलेल्या तरुण शल्यचिकित्सकास मायदेशी संशोधनाची संधी मिळणे कठीण होते. म्हणून त्यांनी डच ईस्ट इंडीजच्या सैन्यातील वैद्यकीय नोकरी पत्करली. ज्या संग्रहालयात त्यांना प्रवेश मिळाला नाही, त्याच संग्रहालयात पुढे त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग जाऊन पोहोचला.

बटाव्हियातील आगमन

१८४२ साली ब्लेकर जावा बेटावरील बटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथे पोहोचले. हे शहर डच सत्तेचे केंद्र होते. मात्र हिवतापामुळे आणि इतर रोगांमुळे युरोपीय लोकांत ते मृत्यूचे शहर म्हणून कुप्रसिद्ध होते. वैद्य या नात्याने ब्लेकर यांनी प्रथम या प्रश्नाकडेच लक्ष दिले. बटाव्हियाची हवा, पाणी, वस्ती आणि रोगराई यांचा परस्परसंबंध तपासणारी लेखमाला त्यांनी १८४०च्या दशकात प्रसिद्ध केली. जावाच्या लोकसंख्येविषयीही त्यांनी लेखन केले. नोंदी ठेवणे, मोजमाप घेणे आणि आकडेवारी मांडणे ही वैद्यकीय कामात दिसून येणारी त्यांची पद्धत पुढे त्यांच्या मत्स्यविषयक लेखनातही कायम राहिली.

१८४०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांचे मत्स्यविषयक लेख प्रसिद्ध होऊ लागले. प्राणिशास्त्राच्या इतर शाखांचा अभ्यास करण्यासाठी लागणारी साधने बटाव्हियात उपलब्ध नव्हती. पण मासे विपुल होते. सरकारी कामात गुंतलेल्या वैद्याला दूरच्या मोहिमा काढणे शक्य नव्हते, तरी शहराचा मासळीबाजार त्याच्या दाराशी होता.

मासळीबाजारातून संग्रहालयाकडे

बटाव्हियाच्या उपसागरात आणि त्याच्या उत्तरेस पसरलेल्या ‘हजार बेटे’ या नावाच्या द्वीपसमूहात अनेक सखल प्रवाळ बेटे आहेत. त्यांची संख्या प्रत्यक्षात शंभराच्या आसपास आहे. या बेटांभोवतीच्या भित्तींवर कोळी गळ, जाळी व सापळे लावून मासे धरीत आणि ते शहरातील बाजारात आणीत. ब्लेकर यांच्या संग्रहाचा पाया अशा बाजारातील मासळीने घातला गेला. जो मासा अन्नाच्या दृष्टीने बिनमोलाचा, तोही त्यांच्या दृष्टीने मोलाचा होता.

पुढे द्वीपसमूहातील निरनिराळ्या ठाण्यांवर नेमलेले लष्करी वैद्य, सेनाधिकारी आणि मुलकी अधिकारी यांनी आपापल्या भागातील मासे मद्यार्कात घालून त्यांच्याकडे पाठविण्यास आरंभ केला. सुमात्रा, बोर्नियो, सेलेबिस, अंबोन, बांदा, तिमोर इत्यादी ठिकाणांहून अशा बरण्या बटाव्हियात येत. पाठविणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख ब्लेकर आपल्या लेखांत आदराने करीत. काही माशांना त्यांनी या व्यक्तींची नावेही दिली. प्रत्यक्ष समुद्रात उतरून ते मासे धरणाऱ्या स्थानिक कोळ्यांची नावे मात्र या साहित्यात क्वचितच आढळतात. त्यांच्या ज्ञानाची खूण उरली आहे ती ब्लेकर यांनी नोंदविलेल्या मलय मत्स्यनामांत. मलय भाषेत माशाला ‘इकान’ म्हणतात. मराठीत ज्याला पोपट मासा म्हटले जाते, त्याला तेथे ‘इकान काकातुआ’, म्हणजे काकाकुवा मासा, असे नाव आहे. चोचीसारख्या तोंडामुळे दोन दूरच्या भाषांत त्याला पक्ष्याचेच नाव मिळाले.

ब्लेकर यांच्या वर्णनाचा साचा ठरलेला असे. माशाच्या शरीराची लांबी आणि उंची यांचे प्रमाण, पक्षांतील कण्टक व किरणांची संख्या, खवल्यांच्या ओळी, दातांची रचना आणि शेवटी रंग या क्रमाने ते लॅटिन भाषेत वर्णन लिहीत व त्याला डच भाषेत टिपा जोडीत. आपल्याजवळ त्या जातीचे किती नमुने आहेत आणि त्यांची लांबी किती आहे, हेही ते नोंदवीत. या शेवटच्या सवयीचे महत्त्व त्यांच्या मृत्यूनंतर फार वाढले.

रंगाच्या नोंदीला प्रवाळ भित्तीवरील माशांच्या बाबतीत विशेष महत्त्व असते. मासा पाण्याबाहेर काढल्यावर त्याचे रंग पालटू लागतात आणि मद्यार्कात काही काळ राहिल्यावर निळे, पिवळे, तांबडे असे सर्व रंग फिके होऊन मासा तपकिरी किंवा पांढुरका दिसतो. युरोपातील संग्रहालयांत बसून काम करणाऱ्या अभ्यासकांपुढे बहुधा असे रंगहीन नमुनेच असत. बाजारातून ताजा मासा मिळत असल्याने ब्लेकर यांची स्थिती अधिक अनुकूल होती. त्याच्या मोबदल्यात युरोपातील ग्रंथालये व जुने नमुने मात्र त्यांना दुरावले होते. त्यामुळे आपल्यापुढील मासा यापूर्वी कोणी वर्णिला आहे की नाही, हे ठरविण्यासाठी त्यांना मुख्यतः छापील वर्णनांवर अवलंबून राहावे लागे. फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए आणि व्हालांसिएन यांचा १८२८ ते १८४९ या काळात प्रसिद्ध झालेला माशांवरील बावीस खंडांचा ग्रंथ हा त्या काळी या विषयाचा मुख्य आधार होता.

प्रवाळ भित्तीचे जग

ब्लेकर यांच्या संग्रहात एवढी विविधता का आली, हे समजण्यासाठी त्या समुद्राचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाईन्स, पूर्व तिमोर, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटे यांच्या सागरी प्रदेशाला आज प्रवाळ त्रिकोण म्हटले जाते. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पाचशेहून अधिक आणि भित्तीवर राहणाऱ्या माशांच्या दोन हजारांहून अधिक जाती या प्रदेशात आढळतात. जगातील अन्य कोणत्याही समुद्रात इतकी विविधता नाही.

प्रवाळ हा सूक्ष्म पुष्पासारखा दिसणारा प्राणी आहे. तो चुन्याचे कवच निर्माण करतो आणि त्याच्या ऊतींत राहणारी एकपेशीय शैवले सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याला अन्न पुरवितात. म्हणून भित्ती उबदार, उथळ आणि स्वच्छ पाण्यात वाढते. तिच्या फांद्या, कपारी व छिद्रे यांत लहान मासे आश्रय घेतात. मोठे मासे तेथे भक्ष्य शोधतात. पोपट मासे खडकावरील शैवल खरवडून खातात व त्याबरोबर गिळलेल्या चुनखडीची वाळू करून बाहेर टाकतात. प्रत्येक जातीचे घर, अन्न आणि वेळ वेगवेगळी असल्याने थोड्या जागेत अनेक जाती नांदू शकतात.

मोलुक्काचा प्रवास

१८५५ साली गव्हर्नर जनरल डायमार व्हान ट्विस्ट यांच्या दौऱ्यात ब्लेकर यांना सहभागी होता आले. या दौऱ्यात त्यांनी सेलेबिसच्या उत्तर टोकाचा मिनाहासा प्रदेश आणि मोलुक्का द्वीपसमूह पाहिला. ज्या बेटांवरून वर्षानुवर्षे त्यांच्याकडे मासे येत होते, ती बेटे पाहण्याची ही संधी होती. या प्रवासाचे त्यांचे वर्णन १८५६ साली बटाव्हियात प्रसिद्ध झाले. त्यात निसर्गाबरोबरच लोकजीवन, शेती, व्यापार व शासनव्यवस्था यांचीही माहिती आहे. मसाल्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या अंबोनच्या परिसरातून त्यांनी वर्णिलेल्या माशांची संख्या मोठी आहे.

त्यांनी नावे दिलेले काही मासे

समुद्रपुष्पाच्या शुंडकांत राहणाऱ्या विदूषक माशांच्या अनेक जातींचे वर्णन ब्लेकर यांनी केले. १८५२ साली त्यांनी ॲम्फिप्रिऑन मेलानोपस या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. मेलानोपस म्हणजे काळ्या पायांचा. येथे पाय या शब्दाने पोटाखालील काळे पक्ष सूचित होतात. १८५३ साली ॲम्फिप्रिऑन अकॅलोपिसॉस आणि १८५५ साली ॲम्फिप्रिऑन पेरिडेरायॉन या दोन जातींची वर्णने आली. या दोन्ही माशांच्या पाठीवरून पांढरी रेघ जाते. पेरिडेरायॉनच्या डोक्यामागे आणखी एक उभा पांढरा पट्टा असतो, म्हणून त्याला कंठहार या अर्थाचे ग्रीक नाव मिळाले. अकॅलोपिसॉसला तो पट्टा नसतो आणि त्याचे नाव अनलंकृत या अर्थाच्या ग्रीक शब्दाला जवळचे आहे. दोन सारख्या माशांतील भेद एका दागिन्याच्या असण्या-नसण्याने नावातच नोंदला गेला आहे.

प्रवाळांच्या फांद्यांत राहणारा पिवळाधमक पोमासेंट्रस मोलुक्केन्सिस (१८५३) हा मोलुक्का बेटांच्या नावाने ओळखला जातो. आम्स्टरडॅमचे शरीरशास्त्रज्ञ विलेम व्रोलिक यांचे नाव त्यांनी १८५३ साली एका लहान देवमत्स्याला दिले. तो आज सेंट्रोपायगी व्रोलिकी म्हणून ओळखला जातो. लाल डोळा, पिवळे डोके, मध्ये गडद पट्टा आणि शेपटीकडे ठिपके असलेला स्फिरॅमिया नेमॅटॉप्टेरा (१८५६) हाही ब्लेकर यांनीच वर्णिलेला मासा आहे.

जातींइतकेच त्यांनी निर्माण केलेल्या प्रजातींचेही महत्त्व आहे. इतर माशांच्या अंगावरील परजीवी टिपून खाणाऱ्या स्वच्छक माशांची लॅब्रॉइडस ही प्रजाती (१८५१), झुबकेदार थव्यांनी भित्तीवर तरंगणाऱ्या नारिंगी-जांभळ्या माशांची स्यूडान्थियास (१८७१) आणि कोळंबीबरोबर एकाच बिळात राहणाऱ्या माशांची ॲम्ब्लिएलिओट्रिस (१८७४) ही त्यांतील काही नावे होत. गडद निळ्या अंगावर काळी नक्षी व पिवळी शेपटी असलेल्या माशाला लिनिअसने १७६६ साली जातिनाम दिले होते. त्यासाठी ब्लेकर यांनी १८६३ साली पॅराकँथुरस ही प्रजाती स्थापन केली. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटातील डोरी या पात्रामुळे हा मासा जगभर परिचित झाला.

गोड्या पाण्यातील माशांवरही त्यांचे काम मोठे आहे. घरगुती मत्स्यपेटीत सर्रास दिसणारा काळ्या पट्ट्यांचा टायगर बार्ब (१८५५) आणि नारिंगी-काळा क्लाऊन लोच (१८५२) यांची पहिली शास्त्रीय वर्णने त्यांचीच आहेत.

संस्थात्मक कार्य

बटाव्हियात विज्ञानाचे वातावरण निर्माण व्हावे यासाठी ब्लेकर यांनी मोठे परिश्रम घेतले. १८५० साली डच ईस्ट इंडीजमधील निसर्गविज्ञान संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. या संघाच्या नियतकालिकात त्यांचे असंख्य लेख प्रसिद्ध झाले. युरोपात पाठविलेला लेख छापून येण्यास दीर्घ काळ लागे. स्थानिक नियतकालिकामुळे नव्या जातींची वर्णने लवकर प्रसिद्ध होऊ लागली. १८५१ साली बटाव्हियाजवळील वेल्टेव्हरेडन येथील लष्करी रुग्णालयात जावातील तरुणांना वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. या शाळेच्या कामाशीही ब्लेकर यांचा निकटचा संबंध होता. इंडोनेशियातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा उगम या शाळेत मानला जातो.

विद्यापीठात शिकू न शकलेल्या ब्लेकर यांना लायडन विद्यापीठाने १८४६ साली आणि उट्रेख्ट विद्यापीठाने १८४९ साली सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली.

मायदेशी परत आणि चित्रसंग्रह

१८६० साली ब्लेकर नेदरलँड्सला परतले. आपला संग्रह त्यांनी बरोबर आणला. आता ग्रंथालये आणि जुने नमुने हाताशी आल्याने पूर्वीच्या लेखांतील निष्कर्ष तपासणे, चुका दुरुस्त करणे आणि विखुरलेले लेखन एकत्र आणणे शक्य झाले. यातून त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ आकारास आला. डच पूर्व भारतीय बेटांतील माशांचा हा चित्रसंग्रह, म्हणजे ‘ॲटलास इख्तियोलोजिक’, १८६२ सालापासून भागशः प्रसिद्ध होऊ लागला. त्याची भाषा फ्रेंच होती. त्यांच्या हयातीपर्यंतच्या कामातून नऊ मोठे खंड तयार झाले.

पहिला खंड पोपट मासे आणि त्यांच्या जवळचे लॅब्रिड मासे यांच्यासाठी होता. भित्तीवरील सर्वांत रंगीत माशांत या दोन गटांची गणना होते आणि मद्यार्कात त्यांचेच रंग सर्वाधिक नष्ट होतात. रंगीत शिलामुद्रणाने छापलेल्या चित्रांमुळे हे मासे ताज्या स्थितीत कसे दिसत, हे युरोपातील अभ्यासकांना प्रथमच इतक्या विस्ताराने पाहता आले. ग्रंथातील चित्रांची संख्या दीड हजाराच्या पुढे आहे.

ब्लेकर यांचे लेखन अखेरपर्यंत चालू राहिले. पोमासेंट्रिड कुलातील सागरी माशांवरील त्यांचा फ्रेंच प्रबंध १८७७ साली प्रसिद्ध झाला. विदूषक माशांचा समावेश याच कुलात होतो. २४ जानेवारी १८७८ रोजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी द हेग येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेला जीवनवृत्तान्त मृत्यूनंतर डच विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केला. ॲटलास अपूर्ण राहिला. त्याच्या पुढील खंडांसाठी तयार झालेली चित्रे शतकाहून अधिक काळ पडून होती. ती १८८३ साली नव्हे, तर थेट १९८३ साली अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केली.

संग्रहाचे विभाजन आणि मूळ नमुन्यांचा प्रश्न

प्राण्याच्या शास्त्रीय नावाचा अंतिम आधार म्हणजे ज्या नमुन्यावरून त्याचे पहिले वर्णन केले गेले तो नमुना. वर्णन अपुरे असेल किंवा दोन जातींत गोंधळ झाला असेल, तर हा मूळ नमुना पाहून निर्णय करावा लागतो. ब्लेकर यांच्या काळात मूळ नमुना वेगळा काढून त्यावर खूण करण्याची पद्धत सर्वत्र रूढ नव्हती आणि त्यांनी ती पाळली नाही. एका जातीचे पुढे मिळालेले नमुने ते पहिल्या नमुन्यांबरोबरच ठेवीत. त्यामुळे एका बरणीत पहिल्या वर्णनाचे मासे आणि नंतर वेगळ्या बेटांवरून आलेले मासे एकत्र झाले.

काही नमुने त्यांच्या हयातीतच ब्रिटिश संग्रहालयात गेले होते. उरलेल्या संग्रहाची सूची ए. ए. डब्ल्यू. ह्युब्रेख्ट यांनी केली आणि १८७९ साली त्याचा लिलाव झाला. मोठा भाग लायडनच्या संग्रहालयाने घेतला. इतर भाग ऑस्ट्रेलियातील मेलबर्नसह निरनिराळ्या ठिकाणी विखुरले. एका बरणीतील मासे अशा रीतीने दोन खंडांत वाटले गेले.

याचे परिणाम आजही अभ्यासकांना भोगावे लागतात. एखाद्या जातीचा मूळ नमुना शोधताना ब्लेकर यांनी वर्णनात नोंदविलेली लांबी उपयोगी पडते. संग्रहालयातील प्रत्येक मासा मोजून त्याची लांबी जुन्या लेखातील आकड्याशी ताडून पाहिली जाते आणि जुळणारा मासा हा मूळ नमुना असावा असा निष्कर्ष काढला जातो. काही वेळा एकही मासा जुळत नाही, तर काही वेळा एकाहून अधिक जुळतात. मोजमापाची सवय नसती, तर त्यांनी दिलेली कित्येक नावे निराधार झाली असती.

कार्याच्या मर्यादा

ब्लेकर यांनी दिलेल्या नावांपैकी बरीच नावे पुढे रद्द झाली. काही जातींचे वर्णन इतरांनी आधीच केलेले होते. काहींचे त्यांनी स्वतःच दोनदा केले होते. पोपट मासे आणि लॅब्रिड मासे यांच्यात पिल्लू, मादी आणि नर यांचे रंग पूर्णपणे भिन्न असतात आणि अनेक जातींत मादीचे रूपांतर नरात होते. हे ज्ञात नसल्याने एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी एकाच जातीच्या वेगवेगळ्या अवस्थांना वेगवेगळी जातिनामे दिली. ब्लेकर त्याला अपवाद नव्हते.

ही मर्यादा त्यांच्या व्यासंगाची नसून साधनांची होती. त्यांच्यापुढे येणारा मासा घरापासून तुटलेला असे. तो कोणत्या प्रवाळात राहत होता, कोणाबरोबर राहत होता आणि त्याचे वर्तन कसे होते, हे बरणीतून कळणे अशक्य होते. समुद्रपुष्पात राहणाऱ्या माशांचे निरीक्षण कथबर्ट कॉलिंगवुड या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८६८ साली प्रसिद्ध केले. १९४३ साली श्वसनयंत्र पाठीवर घेऊन पाण्यात मुक्तपणे संचार करण्याचे साधन तयार झाल्यावर भित्तीवरील माशांचे जीवन जवळून पाहता येऊ लागले. लॅब्रॉइडस माशापुढे मोठे मासे रांगेने येऊन तोंड उघडे ठेवतात, विदूषक माशांत मोठा नर मादीची जागा घेतो, ॲम्ब्लिएलिओट्रिस पहारा करतो व अंधूक दृष्टीची कोळंबी बीळ खोदते, ही सर्व माहिती विसाव्या शतकातील आहे. तिची मांडणी मात्र ब्लेकर यांनी घालून दिलेल्या नावांच्या आधारेच झाली.

भारताशी संबंध

ब्लेकर यांनी बंगाल व हिंदुस्थानातील माशांवर १८५३ साली प्रबंध प्रसिद्ध केला. ब्रिटिश वैद्य फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय माशांवरील ग्रंथात ब्लेकर यांच्या लेखनाचे वारंवार संदर्भ येतात. हिंदी महासागर व इंडोनेशियाचे समुद्र सलग असल्याने अनेक जाती दोन्हीकडे आढळतात. ॲम्फिप्रिऑन अकॅलोपिसॉस अंदमानच्या भित्तींवर, तर लॅब्रॉइडस प्रजातीचा स्वच्छक मासा लक्षद्वीपच्या भित्तींवर दिसतो.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील खाद्य माशांच्या नावांतही ब्लेकर यांचा वाटा आहे. कोकणात हलवा म्हणून प्रसिद्ध असलेल्या माशाची पॅरास्ट्रोमॅटियस ही प्रजाती त्यांनी स्थापन केली. पेडवे या नावाने विकल्या जाणाऱ्या लहान माशांच्या गटातील सार्डिनेला गिबोसा या जातीचे वर्णन त्यांनी १८४९ साली केले.

वारसा

माक्स वेबर व एल. एफ. द बोफोर्त यांनी इंडो-ऑस्ट्रेलियन द्वीपसमूहातील माशांवर लिहिलेल्या बहुखंडी ग्रंथाचा पहिला खंड १९११ साली प्रसिद्ध झाला. तो संपूर्ण खंड ब्लेकर यांच्या मत्स्यविषयक लेखांची सूची आहे. त्यांचे विखुरलेले लेखन आधी लावून घेतल्यावाचून या प्रदेशातील माशांवर पुढे काम करणे शक्य नव्हते, हे यावरून दिसते. ब्लेकेरिया ही माशांची प्रजाती, एपिनेफेलस ब्लेकेरी हा ठिपक्यांचा गोबरा गटातील मासा आणि क्लोरुरस ब्लेकेरी हा हिरवट पोपट मासा यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.

ज्या उपसागरातील माशांपासून ब्लेकर यांच्या कामाला आरंभ झाला, त्याची स्थिती आता पालटली आहे. बांधकामासाठी व चुन्यासाठी भित्तींतील प्रवाळ शतकानुशतके काढले गेले. शहर वाढले तसा नद्यांतून येणारा गाळ आणि सांडपाणी यांमुळे पाणी गढूळ झाले. प्रकाशावर जगणारे प्रवाळ अशा पाण्यात तग धरू शकत नाहीत. जाकार्ताच्या किनाऱ्यालगतच्या भित्ती बहुतांशी नष्ट झाल्या असून अधिक चांगल्या भित्ती उत्तरेकडील दूरच्या बेटांभोवती उरल्या आहेत. त्यामुळे बटाव्हियाच्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोणते मासे येत होते, याची ब्लेकर यांनी केलेली नोंद आज वर्गीकरणापलीकडे महत्त्वाची ठरते. त्या समुद्रात काय होते हे सांगणारा तो एक जुना, मोजमापांसह लिहिलेला दाखला आहे आणि त्यातील अनेक मासे लायडनच्या बरण्यांत आजही जपून ठेवलेले आहेत.